तव्यापासून तोंडापर्यंत

पहिल्या खेपेला आम्ही सात पदार्थ एकदम मागवले आणि त्यातले चार हातचे घालवले. टाकलं काहीच नाही, ताटल्या चाटूनपुसून स्वच्छ झाल्या. पण ज्या घडीला ते खायला हवे होते, ती घडी टेबलावर बोलण्यात आणि फोटो काढण्यात निघून गेली. दुसऱ्या खेपेला तेच रेस्टॉरंट, तीच चार माणसं, जवळजवळ तेच पदार्थ, पण जेवण मात्र पार वेगळं झालं. हे कसं झालं ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणारे बरेच जण आमच्यासारखंच करत असणार.

ठिकाण साधं होतं. जगभरात रस्त्याच्या कडेला, गाडीवर, बाजाराच्या तोंडाशी उभ्याउभ्या खाल्लं जाणारं खाणं एका छताखाली मिळतं. लांब बाकं, पत्र्याचे ट्रे, ट्रेवर कागद, आणि काटे-चमचे मागितले तरच. स्वयंपाकघर सगळं उघडं. एका कोपऱ्यात उभ्या सळईवर मांसाचा डोलारा फिरत होता, त्याच्या शेजारी गोल खळग्यांचं बिडाचं पात्र, पलीकडे तळणीच्या कढया आणि टोकाला उंच उखळ. भिंतीवरच्या फळ्यावर देशांची नावं आणि प्रत्येकाखाली एखाद-दुसरा पदार्थ. मेक्सिकोचे टाको, व्हिएतनामचं बान्ह मी, जपानचं ताकोयाकी, थायलंडचं सोम तम, इजिप्तची कोशरी आणि तामिया, कोरियाचं त्तोकबोक्की, जर्मनीचं करीवुर्स्ट, ब्राझीलचं अकाराझे.

आम्ही चौघं होतो. ताईला आणि मला काहीही चालतं. आई शाकाहारी. आणि ताईचा मुलगा, अकरा वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. ताईच्या पर्समध्ये त्याचं औषध कायम असतं आणि बाहेर खायला गेलं की तिचे डोळे आधी पदार्थात काय काय आहे ते शोधतात. तेव्हा आमच्यासाठी मागवणं हे नुसतं जिभेचं काम नसतं, विचारपूस करावी लागते. पहिल्या दिवशी आम्ही ती अर्धवट केली.

शनिवारची संध्याकाळ होती. जागा मिळायलाच अर्धा तास गेला. भुका लागलेल्या, फळा वाचून डोळे फिरलेले. ताई म्हणाली, "आता परत परत कुणाला बोलावणार, सगळं एकदमच सांग." मी सांगितलं. करीवुर्स्ट आणि तामिया तेवढे सोडले. पंधरा मिनिटांत सातही ट्रे टेबलावर येऊन बसले आणि आम्हाला वाटलं, काय झटपट काम आहे!

घोटाळा तिथेच होता. मी बान्ह मी हातात घेतलं, ताईने कोशरीत चमचा घातला, आईला प्रत्येक पदार्थ काय आहे ते समजावून सांगण्यात पाच-सात मिनिटं गेली. टाकोकडे वळले तेव्हा मक्याच्या छोट्या पोळ्यांच्या कडा ताठ झाल्या होत्या. दुमडायला गेले तर मधोमध चीर गेली आणि मांस कागदावर सांडलं. ताकोयाकी म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा घातलेले पिठाचे चेंडू. त्यांचं वरचं पातळ कवच आतल्या वाफेने भिजून लिबलिबीत झालं होतं. त्तोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या बोटभर लांबीच्या कांड्या, लालभडक तिखट रसात शिजवलेल्या. त्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता आणि वरच्या रसावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता. अकाराझे, म्हणजे चवळीचा तळलेला वडा, तेल सोडून मऊ पडलं होतं.

यात स्वयंपाक्याचा दोष नाही. पिष्टमय पदार्थाचा स्वभावच तो. गरम असतो तोवर मऊ आणि लवचीक, निवायला लागला की आतला स्टार्च पुन्हा घट्ट बसायला लागतो. मक्याची पोळी, तांदळाची कांडी, दोघींची तीच गत. तळलेल्या पदार्थाचं उलट. तिथे आतली वाफ बाहेर येते आणि कुरकुरीत कवचाला भिजवते. रस्त्यावर हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे करणारा आणि खाणारा यांच्यात हातभराचं अंतर असतं. तव्यावरून उचललं की दुसऱ्या मिनिटाला तोंडात. हे पदार्थ घडलेच मुळी त्या एका मिनिटासाठी.

मग टिकलं काय? कोशरी आणि बान्ह मी. आणि ही दोन्ही का टिकली ते बघण्यासारखं आहे.

कोशरी हे इजिप्तचं पोटभरीचं खाणं. तांदूळ, मसूर, मॅकरोनी, वर हरभरे, टोमॅटोचा आंबट-तिखट रस, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि सगळ्यात वर काळपट तांबूस तळलेला कांदा. प्रत्येक गोष्ट आधीच शिजवून ठेवलेली, समोर फक्त एकावर एक थर रचायचे. त्यामुळे दहा मिनिटांनी तिचं काही बिघडत नाही, उलट रस खाली मुरतो. कांदा तेवढा कुरकुरीत हवा, तो बाजूच्या वाटीत मागून घ्यावा आणि खाताना पेरावा. मांस नाही, मासळी नाही, दूध-तूपसुद्धा नाही. आईने दोन वाडगे खाल्ले.

बान्ह मी तर थंडही चालतं. फ्रेंचांनी त्यांच्या सत्तेच्या काळात व्हिएतनामात लांबट पाव नेला. १९५४ साली देशाची उत्तर-दक्षिण फाळणी झाल्यावर उत्तरेतली पुष्कळ माणसं सायगावला आली आणि त्या दशकात तिथे हा पाव आजच्या रूपात भरला जाऊ लागला: एका बाजूला पाते, म्हणजे काळजाचं मऊ वाटण, दुसऱ्या बाजूला मेयोनीज, मध्ये मांस, काकडी, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळ्याचं लोणचं. चालता चालता एका हाताने खाता येईल, कामावर नेता येईल असा तो बांधलेला आहे. म्हणजे रस्त्यावरच्या खाण्यातही दोन जाती आहेत: एक उभ्याउभ्या संपवायची, एक हातात घेऊन पुढे जायची. रेस्टॉरंटात बसल्यावर हा भेद ओळखता आला पाहिजे. आम्हाला पहिल्या दिवशी तो माहीत नव्हता.

त्याहून मोठी चूक सोम तमची. कच्च्या पपईच्या किसाचं ते कोशिंबिरीसारखं प्रकरण. फळ्यावर त्याच्यापुढे शाकाहाराचं हिरवं पान काढलेलं होतं. सुकी कोळंबी वगळतो, असं त्यांनी सांगितलं, आम्ही हो म्हटलं. शेंगदाणे असतात हे ताईला ठाऊक होतं, म्हणून भाच्यापासून तो ट्रे लांब ठेवला. आईने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. "याला वास कसला येतोय गं?" मी चाखलं. माशाचं पाणी होतं ते. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेला तो पातळ रस, थायलंड-व्हिएतनामकडच्या स्वयंपाकात मिठाच्या जागी जातो. स्वयंपाकघरात विचारलं तर उत्तर आलं, "मासा नाही त्यात, फक्त सॉस आहे." आई काही बोलली नाही, पाणी प्यायली. पण मला फार लागलं ते. बहात्तर वर्षं पाळलेली गोष्ट एका हिरव्या पानाच्या भरवशावर मी तिच्याकडून मोडवली होती.

घरी आल्यावर मी ठरवलं की परत जायचं आणि नीट जायचं. आईच म्हणाली, "जाऊ या की. ती कोशरी छान होती."

तीन आठवड्यांनी गेलो, मधल्या वारी, दुपारी चारच्या सुमाराला. या वेळी बाकावर न बसता स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून असलेल्या उंच खुर्च्या मागून घेतल्या. आईला वर चढायला हात द्यावा लागला, पण बसल्यावर ती खूश झाली, कारण समोर सगळं दिसत होतं.

ओट्याशी बसून गरम खाणं ही रीत फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अशी कितीतरी दुकानं सापडली आहेत, त्यांना थर्मोपोलियम म्हणतात. दगडी ओटा, ओट्यात बसवलेले मोठाले मातीचे रांजण, रांजणात अन्न, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं. डिसेंबर २०२०मध्ये असंच एक रंगीत चित्रांचं दुकान पूर्ण उकरून लोकांसमोर आलं, तेव्हा रांजणांच्या तळाशी बदक, डुक्कर, मासे आणि गोगलगायींचे अवशेष मिळाले. भाच्याला हे सांगितलं तर तो ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "म्हणजे हे त्याच जागी बसलेत, नुसतं छप्पर घातलंय."

वाढणारी मुलगी आली. तिला मी आधीच सांगितलं, "आम्हाला एका वेळी एकच पदार्थ हवा. तो संपला की पुढचा सांगू. उशीर झाला तरी चालेल." ती हसली. म्हणाली, "आतल्यांना पण असंच आवडतं. शनिवारी सात ट्रे एकदम लागले की पहिला तयार झालेला सातव्यासाठी थांबून राहतो." हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे त्या दिवशी टाको टेबलावर येण्याआधीच पाच मिनिटं शिळे झाले होते.

मग विचारपूस. या वेळी 'हे शाकाहारी आहे का' असं विचारलंच नाही. त्या प्रश्नाला उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी एकेक नाव घेऊन विचारलं: माशाचं पाणी आहे का? कालवांचा सॉस आहे का? पीठ कशात कालवलंय, पाण्यात की माशाच्या सुरव्यात? तळण कुठल्या तेलात, आणि त्याच कढईत दुसरं काय तळता? सोम तम कांडायचं उखळ एकच आहे की दोन? तिने प्रत्येक प्रश्न आत जाऊन विचारून आणला. ताकोयाकीचं पीठ दाशीत, म्हणजे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या सुरव्यात भिजवतात, तेव्हा आतला ऑक्टोपस काढून टाकला तरी ते आईच्या कामाचं नाही. कोरियाच्या कांड्यांचा रसही सुकट मासळीच्या पाण्यावर. अकाराझेच्या आत भरतात त्या वातापा नावाच्या सारणात कोळंबी आणि शेंगदाणे दोन्ही, म्हणजे आई आणि भाचा दोघांनाही वर्ज्य. पण नुसता वडा आणि टोमॅटोची कोशिंबीर असं मिळेल. उखळ एकच, पण घासून धुऊन देतील. ताई म्हणाली, धुतलेलं चालणार नाही, लाकडाला दाण्याचा अंश राहतो. शेवटी आतून निरोप आला की मातीचं एक नवं उखळ मुसळासकट आहे, अजून वापरात काढलेलं नाही, ते घेतो. एवढ्या चौकशीला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं सगळ्यात मोलाची.

पहिलं ताकोयाकी मागवलं, भाच्यासाठी. 'ताको' म्हणजे ऑक्टोपस, 'याकी' म्हणजे भाजलेलं. ओसाका शहरात १९३५ साली एंदो तोमेकिची नावाच्या विक्रेत्याने ते सुरू केलं असं मानतात. पात्र आमच्यापासून दीड हातावर होतं. स्वयंपाक्याने तेलात बुडवलेला फडक्याचा बोळा खळग्यांतून फिरवला, धूर दिसू लागला तसं पळीने पीठ ओतलं. पीठ ताकाइतकं पातळ. खळगे भरून ते बाहेर वाहिलं, सगळ्या पात्रभर पसरलं. मला वाटलं सांडलं. तसं नव्हतं. प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा एकेक तुकडा, वर कांद्याची पात, लाल आल्याचं लोणचं, तळलेल्या पिठाचे कण. मग तो थांबला. नुसता बघत उभा राहिला. कडा पांढऱ्या झाल्या तसं दोन टोकदार सळया घेऊन त्याने बाहेर वाहिलेल्या पिठाच्या चौकटी कापल्या, आणि प्रत्येक चौकट आपापल्या खळग्यात कोंबत अर्धगोल पाव वळणाने फिरवला. आतलं न शिजलेलं पीठ कलंडून खाली गेलं आणि तिथे नवी पाठ धरली. पुन्हा पाव वळण. पुन्हा. कडेचे आधी की मधले आधी हे तो ठरवत नव्हता. जो तयार दिसेल त्याला सळई लागायची. तीन-चार फेऱ्यांत पात्रभर चेंडू गरगर फिरू लागले.

"मावशी, तो चेंडू करत नाहीये," भाचा कुजबुजला. "पीठच खाली पडतंय आणि आपोआप गोल होतंय."

बरोबर ओळखलं होतं त्याने. पीठ घट्ट असतं तर ते वाहिलं नसतं आणि चेंडू झाला नसता. म्हणूनच आतला भाग शेवटपर्यंत पातळ राहतो. सहा चेंडू समोर आले, वर गडद सॉस, मेयोनीज, शेवाळाची पूड आणि बोनिटोच्या कागदासारख्या पातळ चकत्या. वाफेने त्या चकत्या वळवळत होत्या, जिवंत असल्यासारख्या. पहिल्या खेपेला त्या पडून होत्या, आम्हाला कळलंही नव्हतं की त्या हलायच्या असतात. स्वयंपाक्याने खूण केली: काडीने वरून भोक पाड, वाफ जाऊ दे, मग खा. आत खरोखरच लाव्हा असतो, अख्खा तोंडात टाकला तर टाळू सोलून निघेल. भाच्याने भोक पाडलं, फुंकर घातली, खाल्लं. कवच दातांखाली नाजूक मोडतं, मागून गरम मऊ पीठ, त्यातून ऑक्टोपसचा चिवट तुकडा. त्याने सहाच्या सहा खाल्ले आणि मला एक द्यायचा राहून गेला. मी काही बोलले नाही.

मग टाको. याला अल पास्तोर म्हणतात, म्हणजे मेंढपाळी पद्धतीचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉन आणि आसपासच्या भागातून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजायची शावर्माची रीत सोबत नेली. प्वेब्ला शहरात ते पावासारख्या जाड पोळीत मिळू लागलं, त्याला 'अरबी टाको' म्हणत. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाल्यात सुकी ग्वाहियो मिरची आणि आचियोटेच्या लाल बिया आल्या, पोळी मक्याची झाली. नाव मेंढपाळाचं राहिलं. फिरत्या सळईला तिथे 'त्रोम्पो' म्हणतात, म्हणजे भोवरा. दिसतोही तसाच, वर रुंद, खाली निमुळता.

शनिवारी मी लांबून पाहिलं होतं, स्वयंपाकी मांसाचे जाड काप काढून तव्यावर टाकत होता. आता समोरून पाहिल्यावर कारण कळलं. भोवऱ्याचा फक्त बाहेरचा थर खरपूस होत असतो. तो पातळ पापुद्र्यासारखा तासून काढायचा, मग खालच्या थराला रंग यायला वाट बघायची. गर्दीत वाट बघायला वेळ नसतो, म्हणून कच्चट काप काढून तव्यावर भागवावं लागतं. दुपारी घाई नव्हती. त्याने आम्हाला तीन-चार मिनिटं थांबवलं, ज्वाळा वाढवली, मांसाच्या कडा काळ्या झाल्यावर सुरी लावली. डाव्या तळहातावर दोन पोळ्या एकावर एक धरलेल्या, मांसाचे तुकडे थेट त्यात. सगळ्यात वर सळईला खोचलेला अननस होता. सुरीच्या टोकाने त्याची चकती उडवली आणि पोळीत झेलली. कांदा, कोथिंबीर, लिंबू. ट्रे नाहीच, ओट्यावरून हातात.

टाको खाताना हात वाकडा करायचा नाही, मान वाकडी करायची. ताईने करून दाखवलं आणि एकही थेंब सांडला नाही. पोळी मऊ होती, पण ओली नव्हती, आणि तिला एक मातकट, गोडसर वास होता. तो चुन्याचा. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालं सुटतात, मग वाटतात. या रीतीने पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या पछाडलं. एका पोळीच्या वासामागे एवढं सगळं आहे हे मला टाको खाताना आठवत राहिलं.

मध्ये तहान लागली. पेयांच्या यादीत मेक्सिकोखाली 'हामाइका' आणि इजिप्तखाली 'करकदे' अशी दोन नावं होती. दोन्ही मागवली. दोन्ही गर्द लाल, आंबट. वाढणाऱ्या मुलीने सांगितलं, फूल एकच, साखर कमी-जास्त. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. सेनेगलमध्ये त्यालाच बिसाप म्हणतात. आईला करकदे आवडलं, कारण गोड कमी होतं.

आईच्या वाट्याला आता तळण आलं. तामिया हा फलाफलचा, म्हणजे अरबांकडच्या तळलेल्या वड्याचा, इजिप्शियन भाऊ. लेव्हांटकडे, म्हणजे लेबनॉन-सीरियाच्या बाजूला, हरभरे वापरतात, इजिप्तमध्ये फावा नावाच्या शेंगेचे सोललेले सुके दाणे. दाणे फक्त भिजवायचे, शिजवायचे नाहीत. शिजवले तर तेलात विस्कटतात. कोथिंबीर, पार्स्ली, कांद्याची पात इतकी घालतात की आतून हिरवागार रंग येतो. पहिला घाणा निघाला आणि झाऱ्यातून थेट आईच्या कागदावर दोन पडले. तिने मोडून आत पाहिलं, वास घेतला, खाल्लं. "याला मीठ आणि हिरवळ, बाकी काही नाही," म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठी पावती आहे.

अकाराझे मला स्वतःला सगळ्यात जास्त भावलं. सोललेली चवळी कांद्याबरोबर वाटून, फेटून हलकी करतात आणि देंदे नावाच्या लाल पाम तेलात तळतात. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा हा 'अकारा'. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ब्राझीलला नेलेल्या माणसांनी तो आठवणीत नेला. योरुबात 'जे' म्हणजे खाणं. 'अकारा' आणि 'जे' मिळून नाव झालं. बाईया प्रांतातल्या साल्वादोर शहरात पांढरे घेरदार कपडे आणि डोक्याला फडकं बांधून बायका तो रस्त्यावर विकतात, आणि २००५ साली ब्राझील सरकारने त्यांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. पदार्थाची नाही, त्या बायकांच्या कामाची. मला हे फार योग्य वाटतं. गरम वडा फोडला तर वरून तांबडं चुरचुरीत, आत पांढरं, जाळीदार, आणि देंदे तेलाचा गाजरासारखा गोडसर सुवास. शनिवारी मऊ पडलेला हाच वडा मी कसाबसा संपवला होता.

त्तोकबोक्की आणि करीवुर्स्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिलं गरम असताना चिवट-मऊ आणि झणझणीत, भाच्याला झेपलं नाही, ताईने संपवलं. दुसऱ्याचा जन्म ४ सप्टेंबर १९४९चा मानतात, बर्लिनमध्ये, हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंच्या टपरीवर. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात सॉसेजवर टोमॅटो सॉस आणि करी पावडर घालून तिने मजुरांची सोय केली. इथे सॉस नुसता गोड होता. आठ देशांचं आठही चांगलं करणं कुणा एका स्वयंपाकघराला जमत नाही. सिंगापूरने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना १९७०च्या दशकात पाणी आणि गटाराची सोय असलेल्या छपराखालच्या केंद्रांत नेलं, आणि २०२०मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीला वारशाचा मान दिला. पण तिथे अनेक गाळे वर्षानुवर्षं एकाच पदार्थाला वाहिलेले असतात. अशा रेस्टॉरंटात तसं नसतं. म्हणून मी आता आधी स्वयंपाकी कुठे उभे आहेत ते बघते. जिथे माणूस सतत उभा आहे, ते मागवायचं. सॉसेजच्या शेगडीपाशी त्या दिवशी कुणीच नव्हतं.

शेवटी सोम तम. मला वाटलं होतं आई नको म्हणेल. तीच म्हणाली, "त्यांनी नवं उखळ काढलंय ना, मग करू दे."

उखळ ओट्यावर आणून ठेवलं. उंच, मातीचं, आणि मुसळ लाकडी, म्हणजे मारा मऊ बसतो. करणारी बाई चाळिशीची असेल. तिने आधी आईकडे बघून विचारलं, "किती मिरच्या?"

थायलंडमध्ये गाडीवर असंच विचारतात, तिखट कमी की जास्त असं नाही, मिरच्या किती ते सांगायचं. पहिल्या खेपेला हा प्रश्न आमच्यापर्यंत आलाच नव्हता, आत कुणीतरी परस्पर ठरवलं होतं. आई म्हणाली, "दोन." दोन मिरच्या, लसणाच्या तीन पाकळ्या, मुसळाचे चार ठोके. ताडगुळाचा खडा, मीठ, सोयाबीनचा सॉस, लिंबू. मग चवळीच्या हिरव्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, आणि पपईचा लांब कीस. आता ठोका वेगळा झाला. उजव्या हातात मुसळ, डाव्या हातात मोठा चमचा. मुसळ खाली जाताना चमचा तळातून कीस वर उचलतो. ठेचायचं नाही, हलकेच चेचायचं, म्हणजे कीस अख्खा राहतो पण रस आत शिरतो. टप, खर्र, टप, खर्र असा आवाज. 'तम' म्हणजेच कांडणं, 'सोम' म्हणजे आंबट. मिरची, टोमॅटो आणि पपई ही तिन्ही १४९२ नंतर अमेरिका खंडातून जहाजांनी आशियात आली; त्याआधी या उखळात काय कांडत असतील कोण जाणे.

बाईने चमच्यावर थोडंसं घेऊन आईपुढे धरलं. आईने चाखलं, डोळे मिटले. "लिंबू हवं अजून. आणि गूळ कमी पडलाय."

तिने लिंबू पिळलं, गूळ टाकला, चार ठोके दिले, परत चमचा पुढे केला. आईने मान डोलावली. भाचा पहिल्यांदाच त्या ट्रेला हात लावू शकला. ताई एक घास झाल्यावर पाच मिनिटं त्याच्या ओठांकडे बघत राहिली आणि मग स्वतः खायला लागली.

पैसे देऊन आम्ही दाराशी पोचलो तर आई मागेच. वळून पाहिलं, ती परत ओट्यापाशी गेली होती आणि उखळ धुणाऱ्या त्या बाईला दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती. जवळ गेले तेव्हा शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"पुढच्या वेळी तीन घाला. दोन कमी पडल्या."